वाळूचं घड्याळ आणि ४१३ प्रेक्षक



१९३० च्या जानेवारीत फ्लॉरिडा राज्यातल्या गेन्सव्हिल या विद्यापीठाच्या गावी डब्ल्यूआरयूएफ नावाच्या रेडिओ केंद्राची पंचाईत झाली. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात जो प्राध्यापक निबंध वाचणार होता, तो आलाच नाही. निबंध हाताशी होता, पण वाचायला माणूस नव्हता. केंद्रावर काम करणाऱ्या एका ओळखीच्याने वॉल्टर बार्बर नावाच्या विद्यार्थ्याची मनधरणी केली. हा मुलगा प्राध्यापकांच्या राहत्या क्लबात साफसफाई करून शिक्षणाचा खर्च भागवत होता. रेडिओशी त्याचा काडीचा संबंध नव्हता आणि तो त्याला नकोही होता. रात्रीचं जेवण मिळेल या बोलीवर तो अखेर तयार झाला. निबंधाचा विषय होता गायींच्या बाळंतपणातल्या काही बाबी.

त्या काही मिनिटांनी त्याचं आयुष्य बदललं. थोड्याच दिवसांत तो त्या केंद्रावर नोकरीला लागला, शिक्षण अर्धवट सोडलं आणि पुढे केंद्राचा मुख्य निवेदकही झाला. त्याच्या तांबड्या केसांमुळे सगळे त्याला ‘रेड’ म्हणत. रेड बार्बर हा अमेरिकेच्या रेडिओवरचा एक थोर क्रीडा समालोचक. त्याचा खेळ बेसबॉल, त्याचं मोठं मैदान न्यूयॉर्क आणि त्याचा आवाज शेवटपर्यंत दक्षिणेकडच्या छोट्या गावाचा. आजचं व्याख्यान त्याच्याविषयी आहे, कारण समालोचकाने कोणाशी इमान राखायचं हा प्रश्न त्याच्याइतक्या कठीण प्रसंगांतून फार थोड्यांना सोडवावा लागला.

त्याचा जन्म १७ फेब्रुवारी १९०८ चा, मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावचा. वडील रेल्वेचं इंजिन चालवायचे, आई शिक्षिका. भाषेची चाड त्याला आईकडून मिळाली. मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब फ्लॉरिडातल्या सॅनफर्ड या गावी आलं. आजूबाजूला सेलरीच्या भाजीची शेती आणि मधून जाणारी रेल्वे, असं ते गाव होतं. तो काळ दक्षिणेत वर्णभेदाच्या कायद्यांचा होता. शाळा वेगळ्या, डबे वेगळे, पाणी प्यायचे नळ वेगळे. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची नक्कल करत, ते ‘मिन्स्ट्रेल’ खेळ तेव्हा लोकप्रिय होते. तरुण बार्बरचं स्वप्न त्या खेळांत नाव काढण्याचं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९४७ साली जे घडलं, त्याची किंमत त्याशिवाय कळत नाही.

गेन्सव्हिलला त्याने केलेलं फुटबॉलचं पहिलं समालोचन सपशेल फसलं. खेळाडू ओळखू येईनात, डावपेच कळेनात, हवेत नुसते शब्द. पण त्या फजितीतून त्याने एक सवय लावून घेतली. सामन्याआधी सरावाला जाऊन बसायचं, प्रशिक्षकांना प्रश्न विचारायचे आणि कोण कुठे उभा राहतो हे पाठ करायचं. सामना सुरू होण्याआधी निम्मं काम झालेलं असलं पाहिजे, हा त्याचा नियम पुढे आयुष्यभर टिकला. सुट्ट्यांमध्ये बसने फिरून त्याने मोठ्या शहरांतली रेडिओ केंद्रंही पालथी घातली.

१९३४ मध्ये सिनसिनाटीहून बोलावणं आलं. पॉवेल क्रॉस्ली हा रेडिओ संच बनवणारा उद्योगपती. त्याच्या मालकीची दोन रेडिओ केंद्रं होती आणि त्याच वर्षी त्याने सिनसिनाटी रेड्स हा बेसबॉल संघ विकत घेतला. पगार आठवड्याला २५ डॉलर, म्हणजे गेन्सव्हिलला मिळत होता त्याहून कमी. पदरी बायको असताना बार्बरने तो पत्करला. १७ एप्रिल १९३४ रोजी हंगामातल्या पहिल्या सामन्याला तो मायक्रोफोनसमोर बसला. शिकागो कब्जने रेड्सना ६-० असं हरवलं. व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरचा, म्हणजे प्रमुख लीगचा, सामना बार्बरने त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. पाहिलेला पहिला आणि सांगितलेला पहिला सामना एकच!

योगायोग असा, की त्याच १९३४ साली मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी चौरंगी स्पर्धेतल्या पारशी विरुद्ध मुस्लिम सामन्याचं समालोचन केलं. भारतातलं ते पहिलं क्रिकेट समालोचन मानलं जातं. तल्यारखान यांची रीत बार्बरपेक्षा अगदी निराळी होती. मतं ठाम आणि सडेतोड, आणि मायक्रोफोन दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घ्यायला साफ नकार. पुढे तीन समालोचक असावेत असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी आकाशवाणीचं समालोचनच सोडलं. मराठीत बाळ ज. पंडित यांच्या आवाजावर क्रिकेट ऐकत वाढलेल्या पिढीला तर वेगळं सांगायलाच नको, की रेडिओवरचा सामना मैदानावरच्या सामन्याहून वेगळा असतो. तो समालोचक बांधतो आणि ऐकणारा पुरा करतो. म्हणून समालोचक काय सांगतो याइतकंच तो काय सांगत नाही यालाही महत्त्व आहे.

आता तारेची गोष्ट. तेव्हा परगावच्या सामन्याला समालोचक पाठवणं महाग होतं. त्यामुळे मैदानातला तारवाला प्रत्येक चेंडूची खबर मोर्सच्या कडकट्टने धाडायचा, स्टुडिओतला तारवाला ती कागदावर टंकून समालोचकापुढे सरकवायचा आणि समालोचक त्या दोन-चार अक्षरांतून सामना उभा करायचा. चिठ्ठीवर ‘एस२सी’ असं आलं, तर अर्थ एवढाच की दुसरा स्ट्राइक झाला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टोपी सारखी केली का, प्रेक्षक ओरडले का, आभाळ भरून आलं होतं का, यातलं चिठ्ठीवर काहीच नसे. अनेक केंद्रांनी मग सगळा थाट उभारला. टाळ्यांच्या तबकड्या लावायच्या, लाकडावर लाकूड आपटून बॅटचा आवाज काढायचा. श्रोत्याला वाटावं, माणूस मैदानातच बसलाय.

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध किस्सा आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहराच्या डब्ल्यूएचओ केंद्राचा. तिथला समालोचक होता रोनाल्ड रेगन. हो, तेच रेगन. तेही इलिनॉयमधल्या छोट्या गावचे. तिकडे त्यांना ‘डच’ म्हणत. शिकागो कब्जचे सामने ते तारेवरून रंगवायचे. एकदा नवव्या डावात, सामना ऐन रंगात असताना, तारवाल्याने चिठ्ठी सरकवली: तार तुटली. रेगनपुढे दोन वाटा होत्या. तार तुटली असं सांगून संगीत लावायचं, किंवा वेळ मारून न्यायची. पहिली वाट धरली तर श्रोते दुसऱ्या केंद्राकडे जाणार. रेगननी दुसरी वाट धरली. बेसबॉलमध्ये रेषेबाहेर गेलेला टोला म्हणजे ‘फाउल’. दोन स्ट्राइक झाल्यावर असे फाउल कितीही मारता येतात आणि स्कोअरकार्डावर त्यांची नोंद राहत नाही. म्हणजे पकडले जाण्याची भीती नाही. रेगन फाउलमागून फाउल मारवत राहिले. एक चेंडू स्टँडमध्ये गेला, तो पकडायला पोरांची झुंबड उडाली, असं काय काय सांगत राहिले. तार पुन्हा सुरू झाली, तेव्हा कळलं की तो बॅटर पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता. हा किस्सा रेगन पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही मोठ्या हौसेने सांगत.

बार्बरनेही तारेवरून कितीतरी सामने सांगितले. फरक एवढाच, की त्याने तारयंत्र मायक्रोफोनपासून लपवलं नाही. उलट, त्याची कडकट्ट श्रोत्यांना स्वच्छ ऐकू जाईल अशी व्यवस्था ठेवली. टाळ्यांच्या तबकड्या नाहीत, लाकडाचे ठोके नाहीत. ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे, की हा माणूस मैदानात नाही, खोलीत बसून तारेवरचं वाचतोय. तार अडली, की अडली असं तो सांगायचा. रेगन यांच्या किस्स्यावर आजही लोक खळखळून हसतात, आणि त्या तरुणाची हजरजबाबी वृत्ती खरोखर दाद देण्यासारखीच आहे. तरीही रेडिओसमोर कान लावून बसलेल्या त्या आयोवातल्या शेतकऱ्याचा विचार केला, की बार्बरची ती रूक्ष कडकट्ट जास्त मोलाची वाटते. शेतकऱ्याला सामना पाहायला मिळत नव्हता. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

बार्बरच्या टेबलावर एक वस्तू कायम असायची: तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, अंडं उकडताना स्वयंपाकघरात वापरतात तसलं. वाळू खाली उतरली, की तो धावसंख्या सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचा. पुन्हा वाळू उतरली, पुन्हा धावसंख्या. याचं कारण साधं आहे. श्रोता सामन्याच्या सुरुवातीपासून बसलेला असतोच असं नाही. कोणी आत्ताच कामावरून आलेलं असतं, कोणी गाडीत बसता बसता रेडिओ लावलेला असतो. त्याला सगळ्यांत आधी हवी असते ती धावसंख्या. आपल्याकडे ट्रान्झिस्टर लावलेल्या पानपट्टीसमोर थांबून ‘स्कोअर काय झाला?’ विचारणारा माणूस आठवा. समालोचक सामन्यात इतका रंगून जातो, की ही साधी गोष्ट विसरतो. बार्बरला स्वतःचा हा दोष ठाऊक होता, म्हणून त्याने ते काम वाळूवर सोपवलं.

सिनसिनाटीतच त्याला त्याच्या धंद्याचे दोन मोठे धडे मिळाले. २४ मे १९३५ रोजी तिथे प्रमुख लीगमधला पहिला रात्रीचा सामना झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये बटण दाबलं आणि सिनसिनाटीच्या मैदानावर दिवे लागले. रेड्सनी फिलाडेल्फियाला २-१ असं हरवलं. समालोचन बार्बरचं होतं. दिवसा नोकरीवर जाणारा माणूस रात्री सामना बघू शकतो, ऐकू शकतो, याचा अर्थ काय होतो हे त्या संघाचा कारभार पाहणाऱ्या लॅरी मॅकफेल याने सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. त्याच वर्षी शरद ऋतूत वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणारी मालिका, झाली. ती सुरू होण्याआधी बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी समालोचकांना बोलावून खडसावलं. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: उद्या एखादा खेळाडू माझ्या कठड्यापाशी येऊन माझ्या तोंडावर थुंकला, तर तो कसा आला, थुंकी कुठे पडली, मी काय केलं, हे सगळं सांगा. माझी कीव करू नका. बरोबर की चूक, ते ठरवणं तुमचं काम नाही. बार्बर तेव्हा २७ वर्षांचा होता. हे बोलणं त्याच्या मनात कायमचं राहिलं.

१९३९ मध्ये मॅकफेल त्याला न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला घेऊन गेला. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी आपसात करार करून घरच्या मैदानावरच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावर पाच वर्षं बंदी घातली होती. रेडिओवर फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार, ही भीती. मॅकफेलने ब्रुकलिन डॉजर्सचा कारभार हाती घेतल्यावर ही बंदी मोडीत काढली. आणि स्थलांतरितांच्या, गोदी कामगारांच्या, चढ्या आवाजात बोलणाऱ्या त्या ब्रुकलिनच्या कानावर एक मऊ, संथ, दक्षिणी हेल काढणारा आवाज पडू लागला. त्याचे शब्द शेतावाडीचे आणि उपमा गावाकडच्या. मैदानावर हुज्जत झाली तरी हा माणूस आवाज चढवायचा नाही. असं वाटेल, की हे ब्रुकलिनला रुचणार नाही. पण उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत, दुकानांचे दरवाजे उघडे असत, आणि लोक सांगत, की डॉजर्सच्या एबेट्स फील्ड या मैदानाच्या आसपासच्या रस्त्यावरून चालत गेलं तर एकही चेंडू चुकत नाही, कारण प्रत्येक घरात बार्बर बोलत असतो. ज्या बायकांनी कधी मैदानाची पायरी चढली नव्हती, त्याही बेसबॉल जाणू लागल्या.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला एबेट्स फील्डवरून प्रमुख लीगचा सामना पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. निवेदक बार्बरच. शहरात तेव्हा संच मोजकेच होते आणि कॅमेरे दोनच. त्याने त्याच कार्यक्रमात जाहिराती करताना कॅमेऱ्यासमोर वाडग्यात गव्हाचे पोहे ओतून दाखवले, हे आज वाचताना मौज वाटते. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींचा पुढे जगभर पसरलेला धंदा इतक्या साधेपणाने सुरू झाला.

युद्धाच्या काळात त्याने रेडिओवरून रक्तदानाचं आवाहन केलं आणि ब्रुकलिनमध्ये रेड क्रॉससाठी जोमाने काम केलं. तेव्हा सेन्सॉरच्या नियमाने समालोचकाला हवामानाबद्दल अवाक्षर काढता येत नसे, कारण शत्रूला त्याचा उपयोग होईल. पाऊस कोसळतोय, सामना थांबलाय आणि का थांबलाय ते सांगायची मनाई, अशा कसरती त्या काळी सगळ्यांनाच कराव्या लागल्या.

आता १९४५ चा मार्च महिना. डॉजर्सचा कारभार आता ब्रँच रिकी यांच्याकडे होता. ब्रुकलिनमधल्या एका हॉटेलात जेवताना रिकींनी बार्बरला एक गुपित सांगितलं, जे तोवर त्यांच्या घरच्या आणि संघाच्या मंडळाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. डॉजर्समध्ये ते एक काळा खेळाडू आणणार होते. तो कोण, हे त्यांनाही अजून माहीत नव्हतं, पण आणणार हे नक्की होतं. प्रमुख लीगमध्ये त्या शतकात एकही काळा खेळाडू खेळला नव्हता. रिकींना ठाऊक होतं, की समालोचक दक्षिणेतला आहे, आणि म्हणूनच त्यांनी ते त्याला आधी सांगितलं.

बार्बर घरी गेला आणि पत्नी लायला हिला म्हणाला, मी राजीनामा देतो. लायलाही फ्लॉरिडाचीच. गेन्सव्हिलला परिचारिका असताना त्यांची ओळख झाली होती. तिने वाद घातला नाही. ती म्हणाली, आजच द्यायला पाहिजे असं थोडंच आहे? एखादा पेला घेऊ, मग बघू. त्यानंतरचे दिवस बार्बर स्वतःशी भांडत राहिला. त्या भांडणाबद्दल त्याने नंतर मोकळेपणाने लिहिलं आहे, आणि त्याचा मोठेपणा मुख्यतः त्या लिहिण्यात आहे. स्वतःला त्याने पुरोगामी म्हणून रंगवलेलं नाही. आपण ज्या संस्कारात वाढलो, तो संस्कार त्याने जसाच्या तसा सांगितला. मग त्याला एक प्रश्न पडला: मी गोरा जन्मलो, यात माझं कर्तृत्व काय? आईबाप मी निवडले होते का? चर्चसाठी बंधुभावावर द्यायच्या एका भाषणाची तो तेव्हा तयारी करत होता. स्वतःच काढलेली टिपणं त्याला टोचू लागली. आणि शेवटी त्याला लँडिस यांचं ते खडसावणं आठवलं, आणि बिल क्लेम या बुजुर्ग पंचाचं सांगणंही आठवलं, की मी फक्त चेंडूकडे पाहून निर्णय देतो, तो कोणी मारला हे बघत नाही. त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला समाज सुधारायला कोणी सांगितलेलं नाही. चेंडू सांगायला सांगितलंय.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ४२ क्रमांकाची जर्सी घालून एबेट्स फील्डवर पहिल्या बेसवर उभा राहिला. डॉजर्सनी बोस्टन ब्रेव्ह्जला ५-३ असं हरवलं. त्या दिवशी रॉबिन्सनला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा टोला, मिळाली नाही, पण एक धाव त्याने काढली. त्या हंगामात त्याला प्रतिस्पर्ध्यांच्या शिव्या, धमक्यांची पत्रं, पायावर मुद्दाम रोवलेले खिळ्यांचे बूट असं सगळं सोसावं लागलं. त्या वर्षभरात बार्बरने रॉबिन्सनच्या रंगाचा उल्लेख रेडिओवर केला नाही. बॅट फिरवली, चेंडू गेला, रॉबिन्सन धावला, बेस चोरला, आणि तेवढंच. ब्रुकलिनच्या लाखो घरांत, जिथे आधी कुरकुर होती, तिथे दक्षिणेकडच्या माणसाच्या आवाजात रॉबिन्सनचं नाव इतरांच्या नावाइतक्याच सहजतेने येऊ लागलं. समालोचकाने खांदे उडवले असते, आवाजात किंचित तिखटपणा आणला असता, तरी पुरे होतं. त्याने तसं काही केलं नाही. रॉबिन्सनने पुढे त्याचे आभार मानले, तेव्हा बार्बरचं म्हणणं असं की आभार मीच मानायला हवेत, कारण माझ्या आयुष्यात जॅकीने जे केलं ते मी त्याच्यासाठी केलं त्याहून मोठं आहे.

मराठी श्रोत्याला इथे पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू संघाचे ते सर्वोत्तम गोलंदाज, पण चांभार कुटुंबात जन्मलेले. पुण्याच्या मैदानावर संघातल्या इतरांबरोबर ते खेळत, आणि चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. ते मिळालं त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. तेव्हा रेडिओ नव्हता. तो असता, आणि बाळूंची गोलंदाजी एखाद्या समालोचकाने फक्त गोलंदाजी म्हणून महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचवली असती, तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच.

१९४७ च्याच वर्ल्ड सिरीजमध्ये बार्बरच्या नियमाची आणखी एक परीक्षा झाली. ३ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजचा बिल बेव्हन्स असा काही पिच करत होता, की डॉजर्सना एकही हिट मिळेना. वर्ल्ड सिरीजमध्ये एकही हिट न देता सामना संपवणं तोवर कोणाला जमलं नव्हतं. असा पराक्रम घडत असताना त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर नजर लागते, अशी बेसबॉलमध्ये पक्की अंधश्रद्धा आहे. पहिल्या निम्म्या सामन्याचा समालोचक मेल अॅलन याने ती पाळली. बार्बरने मायक्रोफोन हाती घेतला आणि पहिल्याच झटक्यात सांगून टाकलं: डॉजर्सना अजून हिट नाही. नवव्या डावात दोन बाद झाल्यावर कुकी लाव्हाजेटोने चेंडू उजवीकडच्या भिंतीवर मारला, दोन धावा झाल्या आणि डॉजर्सनी सामना ३-२ असा जिंकला. बेव्हन्सचा पराक्रम हुकला तो बार्बरच्या तोंडामुळे, असं म्हणणारे लोक भेटतच राहिले. त्याला ते मान्य नव्हतं. नुकताच रेडिओ लावलेल्या माणसाला मैदानावर काय घडतंय ते सांगायचं नाही, यापेक्षा मोठी फसवणूक कोणती?

१९४८ मध्ये पोटातल्या अल्सरने त्याला गाठलं. त्याच्या जागी अटलांटाहून एर्नी हार्वेल या समालोचकाला बोलावलं गेलं आणि मोबदल्यात डॉजर्सनी आपला क्लिफ डॅपर नावाचा एक कॅचर अटलांटाच्या संघाला दिला. खेळाडूच्या बदल्यात समालोचक, असा व्यवहार प्रमुख लीगमध्ये एवढाच.

तरुणांना हाताखाली घेणं हा त्याच्या आयुष्यातला आणखी एक मोठा भाग. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर एका कॉलेज फुटबॉल सामन्यासाठी त्याने व्हिन स्कली नावाच्या २१ वर्षांच्या मुलाला धाडलं. आत बसायला खोली असेल या समजुतीने मुलगा कोट आणि हातमोजे हॉटेलात ठेवून आला होता. खोली नव्हती. कुडकुडत, लांबलचक वायरचा मायक्रोफोन हातात धरून स्टेडियमच्या छपरावर इकडून तिकडे पळत त्याने सगळा सामना सांगितला, आणि बार्बरला त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. यजमानांनी माफी मागायला फोन केला, तेव्हा बार्बरला कळलं. पुढच्याच वर्षी स्कली डॉजर्समध्ये आला. स्कलीने सांगितल्याप्रमाणे बार्बरचा धडा होता: दुसऱ्या समालोचकांना ऐकू नकोस, खेळाडूंशी लगट करू नकोस, स्वतःचं जे आहे ते घेऊन मायक्रोफोनसमोर बस. स्कली डॉजर्सबरोबर ६७ हंगाम राहिला, २०१६ पर्यंत.

बार्बर मात्र १९५३ अखेर डॉजर्समधून बाहेर पडला. वर्ल्ड सिरीजच्या प्रक्षेपणाचे पैसे पुरस्कर्ता कंपनी ठरवेल आणि समालोचकाने मुकाट्याने घ्यावेत, हे त्याला मान्य नव्हतं. संघाच्या मालकाने त्याची बाजू घेतली नाही. तो पलीकडच्या यांकीजमध्ये गेला. त्या सुमारास एका कानाची श्रवणशक्तीही गेली.

आणि मग २२ सप्टेंबर १९६६. एके काळी वर्ल्ड सिरीज म्हणजे घरचंच कार्य समजणारे यांकीज लीगमध्ये तळाला गेले होते. पावसाळी हवा, आठवड्यातला कामाचा दिवस, प्रतिस्पर्धी शिकागो व्हाइट सॉक्स. यांकी स्टेडियम हे हजारोंचं मैदान, त्यात त्या दिवशी माणसं होती ४१३. बार्बर दूरचित्रवाणीवर होता. त्याने कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून फिरवायला सांगितलं. दिग्दर्शकाने नकार दिला. पुन्हा सांगितलं, पुन्हा नकार. मग त्याने ते शब्दांतच सांगितलं: या स्टेडियमच्या इतिहासात इतकी कमी माणसं कधी आली नसतील, आणि आजची बातमी हा सामना नाही, ही गर्दी आहे. काही दिवसांनी क्लबचे नवे अध्यक्ष माइक बर्क यांनी त्याला न्याहारीला बोलावलं. बार्बर पुढच्या कराराची बोलणी करायला म्हणून गेला होता. करार पुढे चालू राहणार नाही, एवढंच त्याला तिथे कळलं. नोकरी जायला इतरही कारणं असतील, पण त्या दिवसाचं बोलणं त्यात नव्हतं असं मानणारे लोक फार थोडे आहेत. समालोचकाचा पगार सामना भरवणाऱ्याच्या खिशातून येतो तिथे हे होतं, आणि आज जगात बहुतेक ठिकाणी तो तिथूनच येतो.

५८ व्या वर्षी त्याने पुस्तकं लिहायला घेतली. १९८२ मध्ये १९४७ च्या हंगामावरचं त्याचं पुस्तक आलं. १९७८ मध्ये समालोचकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो त्याला आणि मेल अॅलनला विभागून. १९८१ पासून राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमात दर शुक्रवारी चार मिनिटं तो फ्लॉरिडातल्या टॅलहासीच्या घरून बॉब एडवर्ड्स यांच्याशी थेट गप्पा मारायचा. कागद नाही, तालीम नाही. विषय बेसबॉलचा ठरवलेला असायचा आणि गाडी जायची अंगणातल्या कॅमेलियाच्या फुलांवर, खारींवर, मांजरांवर. ज्यांना बेसबॉलचं काही नव्हतं, असे लाखो लोक या चार मिनिटांसाठी थांबायचे. २२ ऑक्टोबर १९९२ रोजी ८४ व्या वर्षी तो गेला, तोवर हे चालू होतं.

त्याच्या शिष्याचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरं होत नाही. ८ एप्रिल १९७४ च्या रात्री अटलांटात हँक अॅरनने बेब रूथचा ७१४ होम रनचा विक्रम मोडला. अॅरन काळा, अलाबामात जन्मलेला. विक्रमाच्या आधीचे कित्येक महिने त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. चेंडू भिंतीपलीकडे गेल्यावर व्हिन स्कली बराच वेळ काही बोललाच नाही. गर्दीचा आवाज त्याने जाऊ दिला. मग तो बोलला, आणि थोड्याच शब्दांत रंगाकडे आला: दक्षिणेतल्या एका राज्यात, बेसबॉलच्या एका महान दैवताचा विक्रम मोडणाऱ्या काळ्या माणसासाठी लोक उठून उभे राहिलेत, ही केवढी मोठी गोष्ट आहे. गुरूने १९४७ मध्ये जे मुद्दाम सांगितलं नव्हतं, ते शिष्याने १९७४ मध्ये मुद्दाम सांगितलं. ब्रुकलिनमध्ये रॉबिन्सनच्या हातात बॅट होती आणि सांगण्याजोगं होतं ते त्या बॅटचं. अटलांटात चेंडू केव्हाच भिंतीपलीकडे पडला होता आणि घडत होतं ते स्टँडमध्ये, जिथे दक्षिणेतली हजारो माणसं एका काळ्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवत उभी होती.